डिजिटल दप्तराच्या जोडीला मायक्रोफिल्म: काय घ्यावं, कसं घ्यावं आणि वेळ आल्यावर परत कसं मिळवावं

कागद स्कॅन करून सर्व्हरवर चढवले की काम संपलं, असं बहुतेक कार्यालयांत धरून चालतात. शोधायला सोपं, पाठवायला सोपं, एकाच वेळी दहा जणांना पाहता येतं, यात वाद नाहीच. पण तीच फाइल चाळीस वर्षांनी उघडायची असेल, तर मधली चाळीस वर्षं कुणीतरी तिची देखभाल केलेली असावी लागते. डिस्क बदलाव्या लागतात, एका टेपवरून दुसऱ्या टेपवर नकला कराव्या लागतात, जुनं सॉफ्टवेअर बंद पडण्याआधी फाइल नव्या स्वरूपात आणावी लागते. डेटा साठवायच्या एलटीओ या चुंबकीय टेपचंच बघा. तिची पहिली पिढी 2000 साली आली. आठव्या पिढीचा ड्राइव्ह फक्त सातव्या आणि आठव्या पिढीच्या टेपा वाचतो. सहाव्या पिढीची टेप कपाटात ठणठणीत असली, तरी तिला वाचणारा जुना ड्राइव्ह कुणी सांभाळला नसेल, तर ती असून नसल्यासारखी.

मायक्रोफिल्म म्हणजे पानांची अगदी लहान केलेली छायाचित्रं असलेली फिल्म. तिचा स्वभाव नेमका उलटा. ती एकदा नीट तयार करून थंड, कोरड्या जागी ठेवली की वर्षानुवर्षं तिच्याकडे कुणी फिरकलं नाही तरी बिघडत नाही. वाचायला उजेड आणि भिंग पुरतं. शोध मात्र संथ, प्रत काढणं कटकटीचं, आणि रंग तर नाहीच. तेव्हा रोज लागतं ते इलेक्ट्रॉनिक ठेवावं, आणि उद्या पैसा आटला, माणसं बदलली, देखभाल थांबली तरीही जे उरलंच पाहिजे, त्याची एक प्रत फिल्मवर असावी. पुढचं सगळं या वाटणीवर बेतलेलं आहे.

हे तंत्र जुनं आहे, आणि ती त्याची जमेची बाजू आहे. न्यूयॉर्कमधले बँकर जॉर्ज मॅकार्थी यांनी 1920च्या दशकात धनादेशांची फिल्म घेणारं यंत्र बनवलं, कोडॅकने ते घेतलं आणि 1928 मध्ये रेकॉर्डॅक नावाने बाजारात आणलं. 1935 पासून त्याच कंपनीने 'न्यूयॉर्क टाइम्स'चे अंक फिल्मवर घ्यायला सुरुवात केली. त्या काळची फिल्म शाबूत असेल, तर आजच्या स्कॅनरला ती वाचायला कसलाही अनुवादक लागत नाही.

पहिलं पाऊल: चाळणी लावा

सगळं दप्तर फिल्मवर घ्यायला निघालात तर अर्ध्यातच दमाल. प्रत्येक दस्तऐवज-मालिकेला तीन प्रश्न विचारा. हे 25 वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवायचं आहे का? हरवलं तर दुसरीकडून मिळणार नाही ना? आणि पानाची नुसती काळी-पांढरी प्रतिमा उरली तरी त्याचा अर्थ पुरता कळतो का? तिन्ही उत्तरं 'हो' असतील तरच फिल्म. 25 वर्षं हा माझा ठोकताळा आहे. त्याहून कमी मुदतीसाठी चांगला बॅकअप पुरतो.

जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, मालमत्तेचे हक्कलेख, सभांची इतिवृत्तं, न्यायनिवाडे, कर्मचाऱ्यांच्या सेवानोंदी, बांधकामाचे नकाशे, वर्तमानपत्रांच्या फायली हे फिल्मचे हक्काचे धनी. चार-पाच वर्षांनी रद्दीत जाणारी बिलं आणि चालू पत्रव्यवहार यांच्यावर फिल्म वाया घालवू नका. सूत्रं असलेल्या स्प्रेडशीट, डेटाबेस, ध्वनी, चित्रफिती यांची तर गोष्टच वेगळी. त्यांचं चित्र काढलं की त्यांचा जीवच जातो. डिजिटल स्वाक्षरीचंही तसंच. स्वाक्षरी केलेल्या फाइलचं पान फिल्मवर दिसेल, पण ती स्वाक्षरी खरी की खोटी हे फिल्मवरून पडताळता येणार नाही. अशा ठिकाणी मूळ फाइल जपायचीच, आणि पडताळणी केल्याचा अहवाल त्या पानाच्या पाठोपाठ फिल्मवर घ्यायचा.

दुसरी प्रत नसली की काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. 12 जुलै 1973 रोजी सेंट लुईसजवळच्या राष्ट्रीय सेवानोंद केंद्राला आग लागली आणि सैनिकांच्या 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख फायली नष्ट झाल्या. त्यांच्या नकला नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती आणि सूचीही नव्हती. त्यामुळे नेमकं काय जळलं, हेसुद्धा इतर कागदांवरून जुळवत बसावं लागलं.

दुसरं पाऊल: वाट ठरवा

फिल्म आणि डिजिटल प्रत दोन्ही हव्यात, तर त्या मिळवण्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली, आधी कॅमेऱ्याने फिल्म घ्यायची आणि मग फिल्म स्कॅन करायची. ही सगळ्यात जुनी आणि भरवशाची रीत. कागद एकदाच हाताळला जातो आणि फिल्मवर जे उमटतं ते थेट कागदावरून. तोटा असा की स्कॅन फिल्मइतकाच चांगला निघणार, म्हणजे काळा-पांढरा.

दुसरी, आधी कागद रंगीत स्कॅन करायचा आणि त्या फाइलवरून आर्काइव्ह रायटर नावाच्या यंत्राने फिल्मवर प्रतिमा उमटवायची. आज नवं काम सुरू करणाऱ्यांना मी हीच वाट सुचवेन. जे मुळात कागदावर कधी नव्हतंच, म्हणजे थेट संगणकावर जन्मलेले दस्तऐवज, त्यांच्यासाठीही हीच वाट आहे. फायदा असा की स्कॅन तपासून, पानं सरळ करून, क्रम लावून मगच फिल्म खर्ची पडते. चुकलेलं पान फिल्मवर जातच नाही.

तिसऱ्या वाटेत एकाच यंत्रात फिल्म आणि डिजिटल प्रतिमा एका वेळी घेतात. काम झपाट्याने होतं, पण एक बाजू बिघडली की दोन्ही थांबतात.

याशिवाय फिल्मवर पानांची चित्रं न घेता फाइलचा डेटाच सूक्ष्म ठिपक्यांच्या रूपात छापायचं तंत्रही आलं आहे. नॉर्वेच्या पिक्ल कंपनीची फिल्म अशी आहे. 2020 मध्ये गिटहब या सॉफ्टवेअरचे कोड ठेवायच्या संकेतस्थळाने 21 टेराबाइट सोर्स कोड 186 रिळांवर लिहून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या आर्क्टिक वर्ल्ड आर्काइव्हमध्ये ठेवला. कोडसाठी ते ठीक. साध्या कार्यालयीन दप्तरासाठी मला ते पटत नाही. भिंगातून नुसते ठिपके दिसणार असतील, तर ते उलगडायला पुन्हा संगणकच हवा. फिल्म घेण्यामागचं निम्मं कारण तिथेच संपतं.

तिसरं पाऊल: फिल्म निवडा

कायम जपायच्या मास्टर प्रतीसाठी एकच उत्तर: पॉलिएस्टर पायावरची सिल्व्हर-जिलेटिन, म्हणजे जिलेटिनच्या थरात चांदीची प्रतिमा असलेली, काळी-पांढरी फिल्म. योग्य प्रक्रिया आणि योग्य साठवण असेल तर आंतरराष्ट्रीय मानकांत तिचं अपेक्षित आयुष्य 500 वर्षं धरलेलं आहे. वेष्टनावर एलई-500 असं लिहिलेलं असतं. जुन्या अ‍ॅसिटेट फिल्मला हाच आकडा 100 होता, तोही चांगल्या साठवणीत. डायझो आणि व्हेसिक्युलर या फिल्म स्वस्त आणि टणक, पण त्या फक्त वापराच्या प्रतींसाठी. डायझो उजेडात हळूहळू फिकी पडते. जुन्या व्हेसिक्युलर फिल्ममधून आम्ल वायू निघतो, म्हणून ती सिल्व्हर फिल्मच्या कपाटात तर सोडाच, त्या खोलीतही ठेवू नये.

रुंदीचं गणित सोपं. पत्रं, फायली, ए-4 आकाराची कार्यालयीन पानं 16 मिमीवर, आणि वर्तमानपत्रं, नकाशे, मोठ्या वह्या, हस्तलिखितं 35 मिमीवर. 16 मिमीच्या 30.5 मीटरच्या एका रोलवर 24 पट लहान करून ए-4ची साधारण 2,400 पानं बसतात.

चौथं पाऊल: सगळ्यात बारीक अक्षर मोजा

इथे जरा थांबून वाचा, कारण बहुतेक वाया गेलेली फिल्म याच पायरीवर वाया गेलेली असते. पान किती पट लहान करायचं, म्हणजे रिडक्शन किती, हे कागदाच्या आकारावरून ठरवतात. ते ठरवायला हवं सगळ्यात बारीक अक्षरावरून.

कॅमेऱ्यासमोर आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा चाचणी तक्ता क्रमांक 2 ठेवतात. त्यावर रेषांचे लहान होत जाणारे गट असतात आणि प्रत्येकापाशी एक आकडा. 5.0 म्हणजे एका मिलिमीटरमध्ये रेषांच्या 5 जोड्या. फिल्म डेव्हलप झाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची आणि ज्या गटातल्या आडव्या-उभ्या दोन्ही रेषा सुट्या मोजता येतात, त्यांतला सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. हा आकडा गुणिले बारीक अक्षराची मिलिमीटरमधली उंची, की दर्जा-निर्देशांक आला. 8 आला तर उत्तम, 5 म्हणजे मध्यम, 3.6 म्हणजे कसंबसं वाचता येईल इतपत.

उदाहरण घेऊ. तुमच्या नोंदवहीत तळटिपेतलं सगळ्यात लहान अक्षर 1.6 मिमी उंच आहे. 8चा निर्देशांक हवा तर 8 भागिले 1.6, म्हणजे 5.0चा गट दिसायला हवा. रिडक्शन 24 असेल तर प्रत्यक्ष फिल्मवर मिलिमीटरला 5 गुणिले 24, म्हणजे 120 रेषाजोड्या टिपल्या गेल्या पाहिजेत. पण वाचकाच्या हाती पडते ती प्रतीची प्रत, आणि दर पिढीमागे साधारण एक गट घसरतो. तक्त्यावर 5.0च्या पुढे 5.6 आणि मग 6.3 येतो. तिसऱ्या पिढीत 5.0 उरायला हवा असेल, तर मास्टरवर 6.3 दिसला पाहिजे, म्हणजे 151 रेषाजोड्या. कॅमेरा तिथवर पोचत नसेल तर रिडक्शन 18वर आणा. मग 113 वर भागतं. रोल जास्त लागतील, पण वाचता येतील.

देवनागरीसाठी माझी एक भर. हा हिशेब मुळात रोमन लिपीतल्या लहान 'ई' अक्षरावर बसवलेला आहे. आपल्याकडे अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी यांवर अर्थ बदलतो आणि या खुणा अक्षराच्या मानाने फारच बारीक. म्हणून मध्यम दर्जावर समाधान मानू नका, 8 धरूनच चाला. चाचणी घेताना अक्षराबरोबर एखादा पुसट अनुस्वारही शोधून पाहा.

याच हिशेबाची दुसरी बाजू स्कॅनिंगमध्ये येते. मूळ कागदाच्या मापाने 300 डीपीआय, म्हणजे एका इंचात 300 ठिपके, हवे असतील, तर 24 पट लहान केलेली फिल्म 7,200 डीपीआयने स्कॅन व्हायला हवी. फिल्म स्कॅन करून देणाऱ्याने नुसतं '300 डीपीआय' असं लिहून दिलं, तर ते कागदाच्या मापाने की फिल्मच्या, हे आधी विचारून घ्या.

पाचवं पाऊल: कागद आणि रोल मांडून घ्या

टाचण्या, पिना, क्लिपा काढा. घड्या उलगडा. फाटकी पानं जोडा, पण चिकटपट्टीने नको. पानांवर क्रमांक नसतील तर हलक्या पेन्सिलीने घाला. एखादं पान नसेल तर तिथे 'पान उपलब्ध नाही' अशी पाटी ठेवून तिचीच फ्रेम, म्हणजे फिल्मवरची एक प्रतिमा, घ्या. नाहीतर पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला पान मुळातच नव्हतं की फिल्म घेणाऱ्याने गाळलं, हे कळायला मार्ग नाही.

रोलच्या सुरुवातीला आणि शेवटी हात लावायला जरा कोरी फिल्म सोडा. मग पाट्या ओळीने: 'आरंभ', संस्थेचं नाव आणि रोल क्रमांक नुसत्या डोळ्यांनी वाचता येतील अशा ठसठशीत अक्षरांत, चाचणी तक्ता, रिडक्शन, फिल्म घेतल्याची तारीख, आणि ही फिल्म कोणत्या मूळ कागदांवरून कुणी घेतली याचं सही केलेलं प्रमाणपत्र. शेवटी पुन्हा तक्ता आणि 'समाप्त'. प्रमाणपत्राची फ्रेम कंटाळवाणी वाटते, पण उद्या फिल्म पुरावा म्हणून मांडायची वेळ आली तर पहिला प्रश्न तिच्याबद्दलच येतो. पुराव्याचे नियम देशागणिक वेगळे असतात. ते काम सुरू करण्याआधी वकिलाकडून समजून घ्या.

सहावं पाऊल: डेव्हलप झाल्यावर तीन तपासण्या

पहिली चाचणी तक्त्याची, ती वर आलीच.

दुसरी डेन्सिटीची. निगेटिव्हमध्ये कागदाचा पांढरा भाग काळा दिसतो. तो किती गडद, हे डेन्सिटोमीटरने मोजतात. 1.0 म्हणजे उजेडाचा दहावा हिस्सा पलीकडे जातो. साध्या छापील पानांना 0.9 ते 1.2 चांगली. पुसट पेन्सिल, उडालेली शाई असेल तर थोडी कमी ठेवा, नाहीतर बारीक रेघा बुजतात. एकाच रोलमध्ये ती 0.2 पेक्षा जास्त वरखाली होऊ देऊ नका. पुढे स्कॅनर एकाच सेटिंगवर अख्खा रोल ओढतो, आणि असमान रोलमधली निम्मी पानं मग करपलेली निघतात.

तिसरी तपासणी डोळ्यांना दिसत नाही म्हणून टाळली जाते, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. फिल्म फिक्सरमधून, म्हणजे प्रतिमा पक्की करणाऱ्या रसायनातून, काढल्यावर पुरेशी धुतली गेली नाही, तर हायपो म्हणजे थायोसल्फेट तिच्यात उरतं आणि काही वर्षांत चांदीची प्रतिमा पिवळी-तपकिरी पडू लागते. दीर्घकाळ जपायच्या फिल्ममध्ये ते दर चौरस मीटरला 0.014 ग्रॅमपेक्षा जास्त नसावं. मेथिलीन ब्लू चाचणीने ते मोजतात, आणि ही चाचणी प्रक्रियेनंतर 14 दिवसांच्या आत व्हायला हवी. काम बाहेर देत असाल तर करारातच लिहा की प्रत्येक खेपेबरोबर या चाचणीचा दिनांक असलेला अहवाल आला पाहिजे. अहवाल नाही तर पैसे नाहीत, इतकं रोखठोक.

सातवं पाऊल: तीन पिढ्या, दोन पत्ते

कॅमेऱ्यातून किंवा रायटरमधून निघते ती मास्टर निगेटिव्ह. तिच्यावरून एक प्रिंटिंग निगेटिव्ह करायची, आणि वापराच्या प्रती त्या दुसरीवरून काढायच्या. मास्टर वाचनयंत्रात कधीही लावायची नाही. एकदा ओरखडा पडला की तो पुढच्या प्रत्येक प्रतीत उतरतो. मास्टर आणि प्रिंटिंग निगेटिव्ह वेगळ्या इमारतीत, शक्य तर वेगळ्या गावात ठेवा. वापराची प्रत म्हणून आता बहुतेकांना डिजिटल स्कॅनच पुरतो, आणि इथेच दोन्ही पद्धतींची खरी गाठ पडते: वाचकाच्या हाती स्कॅन, तिजोरीत मास्टर.

आठवं पाऊल: सूची, म्हणजे दोन्हींमधला दुवा

फिल्मवर पान आहे आणि सर्व्हरवर फाइल आहे, पण हीच फाइल त्या पानाची, हे सांगणारं काही नसेल, तर तुमच्याकडे दोन वेगवेगळी दप्तरं आहेत. सूचीची एक ओळ कशी असावी ते पाहा. समजा सभेचं एक इतिवृत्त रोल 0417 वर फ्रेम 1126 ते 1131 मध्ये आहे. फाइलचं नाव 0417-1126-1131 असंच ठेवा. सूचीत त्याच ओळीवर दस्तऐवजाचं शीर्षक, तारीख, पानांची संख्या 6, रिडक्शन 24, मास्टर कोणत्या कपाटात, आणि फाइलचा चेकसम, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून काढलेला, तिची ओळख पटवणारा आकडा. फाइलचं नावच रोल आणि फ्रेम सांगत असल्याने डेटाबेस कोसळला तरी फिल्मपर्यंत पोचता येतं, आणि फिल्म हातात असेल तर फाइल शोधता येते.

16 मिमी फिल्मवर फ्रेमखाली छोटे चौकोनी ठिपके उमटवतात, त्यांना ब्लिप म्हणतात. लहान ठिपका पानाचा, मधला दस्तऐवजाचा, मोठा गठ्ठ्याचा. वाचनयंत्र किंवा स्कॅनर ते मोजत नेमक्या फ्रेमवर थांबतो. ब्लिपशिवाय घेतलेल्या रोलमध्ये 1126वी फ्रेम शोधणं म्हणजे हाताने रीळ फिरवत बसणं.

एक गोष्ट फार थोडे जण करतात: त्या रोलची पूर्ण सूची रोलच्याच शेवटच्या फ्रेमवर घ्या. दोन-चार फ्रेम जातात, पण रोल स्वतःपुरता पूर्ण होतो. आणखी शंभर वर्षांनी तुमचं सॉफ्टवेअर कुणाला आठवणारही नाही, तेव्हा रोल उलगडणाऱ्याला त्यात काय आहे ते तिथेच वाचता येईल.

चेकसमबद्दल एक गैरसमज दूर करून घ्या. एसएचए-256 सारखा चेकसम ती फाइल जशीच्या तशी आहे की नाही एवढंच सांगतो. फिल्म पुन्हा स्कॅन केलीत तर नवी फाइल तयार होईल आणि तिचा चेकसम जुन्याशी जुळणार नाही. दस्तऐवज तोच असतो, फाइल वेगळी. सूचीत 'फिल्मवरून पुन्हा स्कॅन, अमुक तारीख' अशी नोंद करा, म्हणजे न जुळणारा आकडा पाहून कुणी घाबरणार नाही.

नववं पाऊल: इलेक्ट्रॉनिक बाजू ढिली सोडू नका

फिल्म आहे म्हणून बॅकअप कमी करायचा नसतो. मूळ स्कॅन टिफ या प्रतिमा-स्वरूपात, वाचायची प्रत पीडीएफ/ए, म्हणजे दीर्घकाळ जपण्यासाठीच्या पीडीएफमध्ये, तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. चेकसमची फेरी ठरावीक काळाने. साधारण हिशेबासाठी: ए-4चं एक पान 300 डीपीआयने रंगीत आणि न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता, ठेवलं तर 26 मेगाबाइट होतं.

दाबण्याबद्दल मात्र सावध. 2013 मध्ये जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिलं की काही झेरॉक्स यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत होती, 6 च्या जागी 8 उमटत होता. कारण होतं जेबीआयजी-2 नावाची दाबण्याची पद्धत. ती सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचे तुकडे एकमेकांच्या जागी वापरते. पान स्वच्छ, आकडा चुकीचा. पुसट झालेलं पान निदान पुसट दिसतं तरी, हे कळतच नाही. दुसऱ्या वाटेने, म्हणजे स्कॅनवरून फिल्म करणार असाल, तर अशी चूक फिल्मवरही कायमची कोरली जाईल. म्हणून मूळ स्कॅनसाठी काहीही न गमावणारीच पद्धत वापरा.

खंडणीखोर व्हायरसच्या बाबतीत फिल्म निर्धास्त. मे 2017 मध्ये वॉनाक्रायने जगभरातल्या संगणकांतल्या फायली कुलूपबंद केल्या. नेटवर्कला जोडलेला बॅकअपही अशा हल्ल्यात सापडू शकतो. कपाटातल्या रिळाला कुठलीच तार जोडलेली नसते.

दहावं पाऊल: साठवण

दीर्घकाळाच्या साठवणीसाठी मानकं तापमान आणि आर्द्रता यांची जोडी देतात: 21 अंश सेल्सिअसला आर्द्रता 20 ते 30 टक्के, 15 अंशांना 20 ते 40, 10 अंशांना 20 ते 50. जितकं थंड, तितकी आर्द्रतेत सूट. वरखाली होणारं तापमान स्थिर पण किंचित जास्त तापमानापेक्षा वाईट. रात्री वातानुकूलन बंद करणारं कार्यालय फिल्मसाठी नकोच. त्यापेक्षा मास्टर बाहेरच्या तिजोरीत भाड्याने ठेवा.

रिळं रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय प्लॅस्टिकची, डबे आम्लमुक्त. रबरबँड अजिबात नाही, त्यातलं गंधक चांदीला खातं. आणखी एक न सुचणारा शत्रू म्हणजे तैलरंग. 1960च्या दशकात अमेरिकेत साठवलेल्या फिल्मवर बारीक लालसर ठिपके आढळले. साध्या पुठ्ठ्याच्या डब्यांतून आणि हवेतून येणारे ऑक्सिडीकारक वायू चांदीला लागत होते. ताज्या तैलरंगातूनही तसेच वायू निघतात, म्हणून रंगवलेल्या खोलीत काही महिने फिल्म आणू नका. शक्य असेल तिथे मास्टरवर पॉलिसल्फाइड प्रक्रिया करून घ्या, तिने प्रतिमेला अशा वायूंपासून संरक्षण मिळतं.

थंड साठ्यातून डबा बाहेर काढला की लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तसाच राहू द्या, नाहीतर फिल्मवर दव धरतं. पूर-गळतीत फिल्म भिजलीच तर ती वाळवू नका. वाळताना जिलेटिन एकमेकांना चिकटतं. स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवा आणि दोन दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा.

मोठ्या प्रमाणावर हे कसं करतात ते पाहायचं तर जर्मनीतला बार्बाराश्टोलन घ्या. फ्रायबुर्गजवळच्या जुन्या खाणीच्या बोगद्यात 1975 पासून देशाच्या अभिलेखांची मायक्रोफिल्म स्टीलच्या हवाबंद पिंपांत ठेवली जाते.

अकरावं पाऊल: दरवर्षी सर्व्हर नाही असं समजून बघा

वर्षातून एकदा दहा दस्तऐवज चिठ्ठ्या टाकून निवडा आणि ते फक्त सूचीची छापील प्रत व फिल्म यांवरून परत मिळवा. संगणकातल्या प्रतीला हात लावायचा नाही. प्रत्येकाला किती वेळ लागला, कुठे अडलं, स्कॅन वाचण्याजोगा आला का, हे लिहून ठेवा. अडचण फिल्ममध्ये क्वचित निघते. निघते ती कपाटाच्या किल्लीत, जुन्या सूचीत किंवा वाचनयंत्राचा बल्ब गेलेला असण्यात. दोन वर्षांतून एकदा मास्टर रोलांचा नमुना उलगडून ठिपके, वास, चिकटपणा तपासा.

फिल्मवरून मागे येणं शक्य असतं, याचा सगळ्यात मोठा दाखला फॅमिलीसर्चचा. 1938 पासून या संस्थेने वंशावळीच्या नोंदींची फिल्म घेतली, ती अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या डोंगरात ठेवली आणि सुमारे 24 लाख रोलांचं डिजिटायझेशन 2021 मध्ये पूर्ण केलं. रोल घेतले तेव्हा आजचे स्कॅनर कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

कपाटात जुनी फिल्म आधीच असेल तर

नवं काम सुरू करण्याआधी ती तपासा. रीळ कडेने उजेडासमोर धरा. पॉलिएस्टरच्या रिळातून उजेड आरपार येतो, अ‍ॅसिटेटचं रीळ अपारदर्शक दिसतं. डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास आला, तर अ‍ॅसिटेट कुजायला लागलं आहे, आणि त्यातून निघणारं आम्ल शेजारच्या रिळांनाही बिघडवतं. रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या ए-डी पट्ट्या डब्यात ठेवल्या की निळ्यापासून हिरव्या-पिवळ्यापर्यंतच्या रंगावरून बिघाड किती पुढे गेला ते कळतं. पट्टी पिवळी झालेली रिळं सगळ्यात आधी वेगळी काढून थंडीत ठेवा आणि आक्रसून वाकडी होण्याआधी पॉलिएस्टरवर प्रत व स्कॅन दोन्ही करून घ्या. निळी राहिलेली रिळं थांबू शकतात. त्यांच्या डब्यावर पट्टी वाचल्याची तारीख मात्र टाकून ठेवा.